दावं

निवृत्त झालेल्या मास्तराने उरलेले आयुष्य कसे घालवावे, याबाबत आमच्या जुन्या नाशकातल्या मोहल्ल्यात दोनच मते आहेत. एक, मशिदीच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सलाम घ्यावेत. दुसरे, मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसावे. २००५ च्या मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झालो आणि या दोन्हींपैकी काहीच केले नाही. मी कोंबड्या पाळल्या.

गिरणारेच्या पुढे आमची वडिलोपार्जित एक एकर जमीन होती. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीपासून लांब, डोंगराच्या अंगाचा हा तुकडा मास्तर माणसाला देऊन टाकला. मास्तर कुठे शेती करणार? आजोबा तिथे नागली आणि खुरासणी पिकवत, असे वडील सांगायचे. माझ्या वाट्याला आली तेव्हा तिथे दोन आंबे, एक जांभूळ आणि बाकी सगळे कुसळी गवत होते. मी पत्र्याची एक खोली बांधली, खुराडे केले आणि पाच गावठी कोंबड्या व एक कोंबडा घेऊन आलो. फजरची नमाज झाली की गिरणारेची एसटी धरायची आणि संध्याकाळी परतायचे, असा क्रम सुरू झाला. पुढे पुढे आठवड्यातले चार दिवस तिथेच मुक्काम होऊ लागला. मुलांची अम्मी म्हणायची, “लोगाँ पेन्शन में हज का सोचते, हमारे यहाँ मुर्गियाँ आयी।”

पहिली कोंबडी खुडूक बसली तेव्हा मी एकवीस दिवस कॅलेंडरवर खुणा करत होतो. नापास मुलाच्या बापाने निकालाची वाट पाहावी, तशी. एकविसाव्या दिवशी सकाळी पंखाखालून एक ओले, चिंब डोके बाहेर आले आणि मी चाळीस वर्षांच्या माणसासारखा नव्हे, चार वर्षांच्या पोरासारखा टाळ्या वाजवल्या. बारा अंड्यांतून नऊ पिल्ले. त्यातली चार आठ दिवसांत मुंगसाने नेली, एक पाण्याच्या भांड्यात बुडाले. उरली चार. पाळणाऱ्याचा हिशेब हा असा असतो, हे मला तेव्हा कळले.

त्याच हिवाळ्यात, २००६ च्या फेब्रुवारीत, नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात पहिल्यांदाच. नंदुरबार जिल्हा आमच्याच नाशिक विभागातला. तिथे लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आमच्याकडे एकही कोंबडी आजारी नव्हती. पण मोहल्ल्यात माझी अंडी घ्यायला कोणी तयार होईना. रोज दारात उभे राहून अंडी मागणारे शेजारी मला पाहून नाकाला रुमाल लावू लागले. आम्ही नवरा-बायकोने महिनाभर अंडीच खाल्ली. ऑम्लेट, खागिना, अंड्याचा रस्सा. बर्ड फ्लूतून वाचलो, पण दुसऱ्या वर्षी मानमोडीने गाठले. चार दिवसांत वीस कोंबड्या माना वाकड्या करून गेल्या. लस डोळ्यात एक थेंब टाकून द्यायची असते, ही गोष्ट मला एकविसावी कोंबडी मेल्यावर समजली. मी अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गाची हजेरी रोज घेणारा मास्तर. पण या वर्गाची वही मी ठेवली नव्हती. त्या दिवसापासून ठेवली. लस कधी दिली, जंताचे औषध कधी पाजले, कोण कधी व्याले. त्या वहीच्या आधारानेच हे लिहितो आहे.

शेळी आली २००९ साली. संगमनेरी, पांढरी, कानावर तपकिरी डाग. नाव ठेवले चांदणी. शेळी म्हणजे गरिबाची गाय, असे मी मुलांना निबंधात लिहायला लावायचो. गरिबाची असेल, पण शेळीला स्वतःला ते मान्य नसते. सुबाभळीचा हिरवागार पाला पुढ्यात टाकला तरी तिला पलीकडचेच हवे असते. पलीकडे आण्णांचे टोमॅटो होते. बांबूला तारेने बांधलेले, फुलावर आलेले. एका दुपारी माझा डोळा लागला आणि चांदणीने चाळीस झाडे शेंड्यापासून साफ केली.

गिरणारेच्या बाजूला टोमॅटोचे झाड म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. आण्णा बांधावर आले, झाडांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता गेले. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. मी पैसे घेऊन गेलो, त्यांनी घेतले नाहीत. तीन आठवडे आमच्यात बोलणे नव्हते. बांधाच्या अलीकडे एक म्हातारा, पलीकडे एक म्हातारा; दोघेही पाटाच्या पाण्याकडे बघत उभे.

शेळीचे दिवस पाच महिन्यांत भरतात. चांदणीचे भरले ते पावसाळ्यातल्या रात्री. वीज गेलेली. करडू अडले होते, पाय पुढे येण्याऐवजी शेपूट पुढे. मी पुस्तकात वाचलेले सगळे विसरलो. कंदील घेऊन बांध ओलांडला आणि आण्णांच्या दारात हाक मारली. आण्णा उठले, हात साबणाने धुतले, खोबरेल तेल लावले. “गुरुजी, कंदील धरा आन् तोंड बंद ठेवा,” एवढेच म्हणाले. पाऊण तासाने दोन करडे गवतावर होती. एक पाट, एक बोकड. आण्णांनी हात धुतले आणि मग टोमॅटोचा विषय काढला, “पुढच्या साली तारेचं कुंपण दोघं मिळून घालू. अर्धा खर्च तुमचा.”

त्या रात्री जन्मलेल्या बोकडाचे नाव माझ्या नातीने शेरू ठेवले.

बकरी ईदला आम्ही दरवर्षी बाजारातून बोकड आणायचो. दोन दिवस दारात बांधायचा, मुलांनी त्याला पाला चारायचा, आणि ईदला कुर्बानी. त्या दोन दिवसांत मुलांना लळा लागायचा, मोठ्यांना नाही. घरचा बोकड कुर्बानीला द्यावा, असे माझ्याच मनात आले. वर्ष पूर्ण झाले होते, अंगात खोट नव्हती, धडधाकट होता. सगळ्या अटी पुऱ्या होत होत्या. एक अट कोणी सांगितली नव्हती, ती मला शेवटच्या आठवड्यात कळली. शेरू मी हाक मारली की शेताच्या टोकावरून धावत यायचा आणि डोके माझ्या गुडघ्याला घासायचा.

त्या ईदला मी सगळे नियमाने केले. त्याला पाणी पाजले. सुरी त्याच्या नजरेला पडू दिली नाही. चांदणी आणि तिची पाट बांधलेल्या जागेपासून त्याला दूर नेले. हे नियम मी लहानपणापासून ऐकत होतो. ते जनावराच्या भल्यासाठी आहेत, असे समजत होतो. ते पाळणाऱ्याच्या हाताला वळण लावण्यासाठीही असतात, हे त्या दिवशी कळले. तीन वाटे झाले. गरिबांचा गेला, नातेवाइकांचा गेला, घरचा चुलीवर चढला. सहा वर्षांची नात जेवली नाही. मी ताटावर बसलो आणि उठलो. मुलांच्या अम्मीने मला अंगणात गाठले. मला वाटले, हसेल. ती म्हणाली, “इतने साल बाजार का बकरा देते थे, तो पैसे देते थे। इस साल कुछ दिये।”

नंतर नातीने मला विचारले, “दादा, तुम्हाला तो आवडत होता ना?” मी हो म्हणालो. “मग?” या ‘मग’चे उत्तर मी तिला अजून नीट देऊ शकलेलो नाही. एवढेच सांगितले की, त्याचे सगळे दिवस चांगले गेले, आणि शेवटही आपण दुसऱ्याच्या अंगावर ढकलला नाही. जनावर ही अल्लाहची अमानत असते. अमानत घेताना आनंद होतो, परत करताना हात थरथरतो. तो थरथरला नाही तर समजावे की आपण नुसतेच मालक होतो.

गाय घ्यायचा विचार माझा नव्हता. २०१४ च्या हिवाळ्यात आण्णांच्या पाहुण्यांत, इगतपुरी तालुक्यातल्या एका आजीला गाय विकायची होती. मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागलेली, आजीचे गुडघे गेलेले. गाय डांगी होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तेल लावल्यासारखी चकाकणारी. आमच्या सह्याद्रीच्या पावसात दुसरी जात टिकत नाही, डांगीच्या कातडीतून तेलकट पाझर येतो आणि पाणी अंगावरून निथळून जाते. खूर काळे आणि टणक. दूध मात्र बेताचे. मी बारा हजार मोजले. आजीने गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला नाव विचारले. मी सांगितले. आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “तिला चिंगी म्हंत्यात. नाव बदलू नका, ती ऐकायची नाही.” बस, एवढेच. मी नाव बदलले नाही.

चिंगी घरी आल्यावर तीन महिन्यांतच, मार्च २०१५ मध्ये, गोवंश हत्याबंदीचा कायदा राज्यात लागू झाला. विधिमंडळाने तो १९९५ सालीच मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. गायीच्या हत्येला राज्यात १९७६ पासूनच बंदी होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. मोहल्ल्यातले कुरेशी बिरादरीचे लोक हवालदिल झाले. मला वाटले, आपला काय संबंध? आपण दुधासाठी गाय पाळली आहे. आण्णांनी मात्र गोठ्यात बसल्या बसल्या हिशेब मांडला. “गुरुजी, थकलेला बैल इकायचा, त्यात चार पैसं घालून नवा आणायचा, असं आमचं चालायचं. आता थकलेला घेणार कोण? आन् ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्हा तरी ठेवणार कोण? आता गाय व्याली की माणूस आधी शेपूट उचलून बघंल.”

२०१६ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, चिंगी व्याली. आण्णांनी शेपूट उचलून बघितले आणि माझ्याकडे पाहून हसले. गोऱ्हा होता. पाठीवर काळा, पोटाला पांढरा, कपाळावर ढगासारखा डाग. नाव ठेवले ढग्या.

ढग्याने आम्हाला अडीच वर्षे जेवढे हसवले तेवढे कोणी हसवले नाही. वाळत घातलेला मुलांच्या अम्मीचा दुपट्टा शिंगांवर घेऊन त्याने पूर्ण शेताला फेरी मारली. कोंबड्यांच्या खुराड्यात डोके घालून अडकला. ओढ लागली की दावे तोडायचा. अंबाडीची तीन दावी तोडली, म्हणून मी सुताचे जाड दावे स्वतः वळून घेतले. पोळ्याला आण्णांच्या बैलांबरोबर त्याच्याही शिंगांना रंग लागायचा आणि वहिनी त्याच्यासाठी वेगळी पुरणपोळी आणायच्या. त्यातली अर्धी तो खायचा आणि अर्धी मी.

पण अडीच वर्षांचा बैल रोज किती खातो, हे पेन्शनीला कळते. माझ्याकडे एक एकरात त्याला काम नव्हते. काम नसलेला बैल म्हणजे दाव्याला बांधलेला कैदी. त्र्यंबकच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्याचा एक बैल सर्पदंशाने मेला होता. तिथली भातखाचरे लहान लहान, उतारावरची. चिखलणीला ट्रॅक्टर उतरत नाही. त्याला डांगी जोडच हवी होती. तो येऊन ढग्याला पाहून गेला. जनावराला याहून चांगले घर मिळाले नसते.

प्रश्न उरला, न्यायचे कसे? कायद्याने शेतीसाठी बैल विकायला, न्यायला बंदी नाही. डॉक्टरांचा दाखला घेतला, ग्रामपंचायतीचा घेतला, घेणाऱ्याचा सातबारा मागवला. ओळखीच्या पिकअपवाल्या पोराला फोन केला. आमच्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, “चाचा, आप बोलो तो फ्रिज ले जाता हूँ, सोफा ले जाता हूँ। बैल नको. कागज दिखाने का टाइम कौन देता है?” दुसऱ्या, आण्णांच्या ओळखीच्या गाडीवाल्याने होकार दिला, पण म्हणाला, “गुरुजींनी गाडीत बसायचं नाही.” माझ्यासमोरच म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्यामुळेच जास्त लागले.

आण्णा म्हणाले, “राहू द्या गाडी. आपण चालत नेऊ. वीस-बावीस किलोमीटर तर आहे. आपले आजे घोटीच्या बाजाराला चालतच न्यायचे.”

२०१९ च्या जानेवारीत, सकाळी उजाडल्यावर निघालो. अंधारात निघायचे नाही, असे आण्णांनी बजावले होते. पुढे दावे धरून मी, मागे हातात काठी घेऊन आण्णा. अंगावर थंडी, समोर ब्रह्मगिरी, डाव्या हाताला अंजनेरी. ढग्या मजेत चालत होता. वाटेतल्या प्रत्येक हिरव्या काडीला थांबत होता. मी त्याच्याशी बोलत होतो.

दुपारच्या सुमारास एका फाट्यावर चहाच्या टपरीपाशी चार-पाच पोरे मोटारसायकलींवर बसली होती. एक उठून पुढे आला. माझ्या दाढीकडे आणि टोपीकडे पाहिले, मग बैलाकडे. वयाने माझ्या विद्यार्थ्यासारखाच. आवाज चढलेला नव्हता.

“कुणाचा बैल?”

दावे माझ्या हातात होते. कागद माझ्या खिशात होते. अडीच वर्षांचे शेण माझ्या नखांत होते. मी तोंड उघडले, आणि त्याआधी मागून आण्णांचा आवाज आला.

“माझा.”

आण्णा पुढे आले आणि माझ्या हातातून दावे घेतले. “शेतीला दिलाय, पाड्यावर. हे आमचे गुरुजी. सोबतीला आल्यात.” पोराने आण्णांना गाव विचारले, आडनाव विचारले. “बरं बरं, जा काका,” म्हणाला. आम्हाला चहाही विचारला. आण्णा नको म्हणाले. आम्ही चालू लागलो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. दावे आण्णांच्या हातातच होते. एक-दोन किलोमीटर गेल्यावर आण्णा रस्त्याच्या कडेला थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “गुरुजी, तोंडातून खोटं निघालं. तुमच्यासमोर.” मी म्हणालो, “आण्णा, तुम्ही मला वाचवलंत.” “तेच तर,” आण्णा म्हणाले, “वाचवायला काय लागलं? एक आडनाव.”

मला त्या पोराचा राग आला नाही. राग माझाच आला. मी ‘माझा’ म्हणणारच होतो, असे मी स्वतःला आजवर सांगत आलो आहे. पण खरे सांगायचे तर, आण्णांचा आवाज आला तेव्हा माझ्या पायांतले बळ परत आले. मला सुटल्यासारखे वाटले. आणि ज्या जनावराला मी गोऱ्हा असल्यापासून वाढवले, त्याला त्या एका क्षणात मी नाकारले होते, गप्प राहून.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. घरातल्या म्हातारीने ढग्याच्या पायांवर पाणी घातले, भाकर चारली. पैसे मी नको म्हणत होतो. आण्णांनी डोळे वटारले, “फुकटच्या जनावराची किंमत राहत नाही.” घेतले. शेतकऱ्याने आण्णांना विचारले, “लई माणसाळलाय. कुणी वाढवला?” आण्णांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दाखवले, “गुरुजींनी. मी नुसता पोळ्याचा पाहुणा.”

मग आण्णांनी ढग्याच्या गळ्यातले दावे सोडले. त्यांच्या दाव्याने त्याला बांधले. सोडलेले दावे गुंडाळून माझ्या हातात दिले. “जनावर इकावं, दावं इकू नये. मालकाकडं राहतं ते.”

परतीच्या एसटीत ते दावे माझ्या मांडीवर होते. आण्णा शेजारी डुलक्या घेत होते.

२०२२ च्या ऑगस्टात जळगावकडून लंपीची साथ आली. जनावरांचे बाजार बंद झाले. चिंगीला लस टोचली. शेळ्यांच्या देवीची लस गायींना देत होते. मुलांची अम्मी म्हणाली, “बकरी का एहसान गाय पे।” पण लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्याच दिवशी चिंगीच्या मानेवर गाठी उठल्या. वय झाले होते. रोज कडुनिंबाच्या पाण्याने अंग धुतले, गोचीड काढले, भाकरीचा मऊ घास तोंडात दिला. अकराव्या दिवशी ती बसली ती उठली नाही. जांभळाजवळ खोल खड्डा घेतला, चुना टाकला. मुलांच्या अम्मीने ‘इन्ना लिल्लाह’ म्हटले, वहिनींनी पदर डोळ्याला लावला. ‘कुणाची गाय’ असे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

आता माझ्याकडे चांदणीच्या लेकीची लेक आहे, तिची दोन करडे आहेत आणि अकरा कोंबड्या. पंच्याहत्तरी ओलांडली. नात कॉलेजात जाते. मागच्या सुट्टीत शेतावर आली तेव्हा म्हणाली, “दादा, परत एक डांगी वासरू आणू या.” गाय पंधरा-सोळा वर्षे तर सहज जगते. जनावर घेताना आता मी त्याचे वय विचारत नाही, माझे मोजतो. शेवट निभावता येणार नसेल तर सुरुवात करू नये. मी नाही म्हणालो.

तिने खोलीतल्या खुंटीवरचे दावे काढले, हातात घेऊन पाहिले. “मग हे कशाला ठेवलंय?”

मी तिला फाट्यावरची ती गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. ती सगळी ऐकून घेतली तिने. मग दावे गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवले. मी विचारले, “कुठे नेतेस?”

“माझ्याकडं राहू द्या,” ती म्हणाली. “माझं वय आहे अजून.”